उन्हाला परवानगी काढण्याची सोपी रीत

ही पुस्तिका कोणासाठी आहे

म्हसवड आणि आसपासच्या गावांत ज्यांची मसाल्याची किंवा पिठाची गिरणी आहे, डाळ मिल आहे, बर्फाचा कारखाना आहे, किंवा आटपाडीकडच्या डाळिंबांच्या भरवशावर बांधलेले शीतगृह आहे, त्यांच्यासाठी. डोक्यावर पत्रा, पत्र्यावर ऊन आणि हातात वीजबिल असलेला कोणीही पात्र आहे. अनुभवाची अट नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी ही पुस्तिका वाचू नये. वाचायचीच तर रक्तदाबाची गोळी घेऊन वाचावी.

कच्च्या मालाची काळजी करू नका. सह्याद्री सगळा पाऊस महाबळेश्वर-पाटणकडे उतरवून घेतो आणि माण तालुक्याकडे रिकामे ढग पाठवतो. माणगंगेत पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिवस दिसते. ऊन मात्र म्हसवडच्या सिद्धनाथाच्या कृपेने भरपूर. ढोबळ मानाने एक किलोवॉटची पॅनेल दिवसाला ४ युनिट वीज देतात आणि १०० चौरस फूट जागा घेतात. म्हणजे ५,००० चौरस फुटांच्या शेडवर ५० किलोवॉट, दिवसाला २०० युनिट, महिन्याला ६,०००. एवढे गणित चौथीतल्या पोरालाही येते. म्हणूनच सगळे इथे फसतात.

नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती पॅनेल बसवू?" हा प्रश्न एका चिठ्ठीवर लिहा, घडी घाला आणि खिशात ठेवा. शेवटच्या पानावर ती चिठ्ठी बाहेर काढायची आहे.

साहित्य

- जागेचा उतारा, ताजा.
- शेवटचे वीजबिल, भरल्याच्या पावतीसह.
- आधार, पॅन, जीएसटी आणि उद्यम नोंदणी, प्रत्येकी चार झेरॉक्स. तीन पुरतात. पण तीन नेल्या की चौथी मागतात.
- करारासाठी मुद्रांक. २०२४ च्या ऑक्टोबरात १०० चा ५०० वर गेला. जुना १०० चा घरात सापडला तर आठवण म्हणून जपावा.
- सौरकामाची एक एजन्सी. ती सगळे कागद "आमच्याकडे लागले" असे सांगते. कागद कुठे लागले हे विचारायचे नसते.
- उन्हाळा एक. नग दोनही लागू शकतात.

पायरी पहिली : मीटरचा मालक शोधा

बिलावरचे नाव वाचा. ते तुमचे आहे का? गिरणी थोरल्या आजोबांनी घातली, मीटर त्यांच्याच नावावर आले, आजोबा गेले, बिल मात्र दर महिन्याला त्यांच्याच नावाने येते आणि तुम्ही इमानाने भरता. आजवर याचा कोणाला त्रास झाला नाही. आता होईल. अर्ज ग्राहकाने करायचा असतो आणि ग्राहक फोटोत आहेत, हार घातलेल्या.

तेव्हा आधी नाव बदला. त्यासाठी वारसाचा दाखला, भावांच्या संमती आणि बहिणींच्या सह्या लागतील. दिवाळीला भाऊबीजेच्या निमित्ताने सगळे एकत्र येतात, तेव्हा सह्या उरकून घेण्याचा बेत ठरवाल. ओवाळणी झाल्यावर लगेच कागद पुढे करू नये. थोडा वेळ जाऊ द्यावा.

पायरी दुसरी : मंजूर भार पाहा

बिलावर मंजूर भाराचा आकडा असतो. मोठ्या जोडणीला करार मागणी म्हणतात. छपरावर त्यापेक्षा जास्त सौर बसवता येत नाही. शेड ५० किलोवॉटची आणि मंजूर भार ३० चा असेल, तर उरलेल्या पत्र्यावर मिरच्या वाळवाव्यात.

दुसरा मार्ग म्हणजे भार वाढवून घेणे. तो आकडा वाढला की स्थिर किंवा मागणी आकारही वाढतो, आणि हा आकार वापरलेल्या युनिटांवर ठरत नाही. बिलाचे दोन भाग असतात हे नवशिक्याला उशिरा कळते. एक भाग तुम्ही किती वीज ओढली त्याचा. दुसरा भाग तुमच्यासाठी किती वीज तयार ठेवली त्याचा. ऊन पहिल्या भागावर चालते. दुसऱ्या भागावर ते सहसा चालत नाही, कारण संध्याकाळी सातला सगळी मशिनरी एकदम सुरू झाली की मागणीचा उच्चांक तेव्हाच नोंदला जातो आणि तेव्हा सूर्य अरबी समुद्राच्या पलीकडे असतो. "बिल शून्य" असे सांगणाऱ्या एजन्सीला चहा जरूर पाजा. अॅडव्हान्स देऊ नका.

पायरी तिसरी : डीपीवर रुमाल टाका

लघुदाब जोडणीचे आसपासचे ग्राहक एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, असतात. त्या डीपीवर किती सौर चढवायचा याला मर्यादा आहे. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या नियमांत ती डीपीच्या क्षमतेच्या ४० टक्के होती. २०१९ च्या नियमांनी ७० टक्के केली. आधी येईल त्याला आधी जागा.

ज्यांनी यात्रेच्या दिवसांत म्हसवड स्टँडवर एसटी पकडली आहे त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. तुमच्या शेजारच्या वेल्डिंगवाल्याने मागच्या वर्षी रुमाल टाकला असेल, तर तुम्हाला उभ्याने प्रवास करावा लागेल किंवा नवीन डीपीचा खर्च सोसावा लागेल. शेजाऱ्याशी भांडू नका. त्याला विचारा की हे त्याला आधी कसे कळले.

पायरी चौथी : वाट पाहा

हे सर्वांत सोपे, कारण यात काहीच करायचे नसते.

केंद्राने २२ फेब्रुवारी २०२४ रोजी वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले. १० किलोवॉटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर समजायचा. त्याहून मोठ्या अर्जाची तपासणी १५ दिवसांत करायची. आधी ही मुदत २० दिवसांची होती. मुदत टळली तर मंजुरी मिळाली असे मानायचे. याला मानीव मंजुरी म्हणतात. नियम चांगला आहे, आणि तो छापून जवळ ठेवावा. फक्त एवढे लक्षात असू द्या की मीटर बदलायला जो माणूस शिडी घेऊन येतो तो मानीव नसतो. खराच यावा लागतो.

तपासणी झाली की काम. काम झाले की चाचणी अहवाल. मोठ्या जोडणीला विद्युत निरीक्षकांची पाहणी. मग करार, मग नेट मीटर. मीटर बाजारात असले तर तपासायला जायचे आणि तपासून आले तर बसवायला माणूस यायचा. या साखळीतला प्रत्येक दुवा पुढचा दुवा मोकळा आहे का ते बघत थांबतो.

वाट पाहण्याचा खर्च काढा. ५० किलोवॉटची ६,००० युनिटे महिन्याला. हिशेबाला सोपा म्हणून दर ८ रुपये धरू. महिन्याला ४८,००० रुपये. पॅनेल पत्र्यावर चढली, बँकेचा हप्ता सुरू झाला आणि नेट मीटर तीन महिने आले नाही, तर १,४४,००० रुपयांचे ऊन पत्रा तापवून गेले. हा खर्च कोणत्याही कोटेशनमध्ये दिसत नाही, तरी विजेच्या भावात तो मिसळतोच.

इथे या पुस्तिकेतला एकमेव सिद्धान्त येतो, तो पाठ करावा : कागद किलोवॉट मोजत नाही. २० किलोवॉटच्या गिरणीला आणि ५०० किलोवॉटच्या कारखान्याला फायली जवळजवळ सारख्याच जाडीच्या लागतात. कारखान्याकडे त्यासाठी पगारी माणूस असतो. गिरणीत तो माणूस म्हणजे तुम्हीच, आणि तुम्ही सातारला गेलात की त्या दिवशी चक्की बंद. एका फाइलचा खर्च २५ पट युनिटांवर पसरला की नाहीसा होतो. तुमच्या युनिटावर तो चिकटून बसतो.

पायरी पाचवी : पॅनेल घ्या

पॅनेलचा भाव बाजारात ठरतो असे समजू नका. १ एप्रिल २०२२ पासून बाहेरून येणाऱ्या पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लागले. १ एप्रिल २०२४ पासून सरकारच्या मंजूर यादीतल्याच बनावटीची पॅनेल नेट मीटरला चालतील हा नियम पुन्हा लागू झाला. जीएसटी ऑक्टोबर २०२१ मध्ये ५ चा १२ टक्के झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा ५ वर आला. मधल्या काळात ज्यांनी बसवले त्यांनी देशसेवा केली. ज्यांनी "कमी होऊ दे, मग बसवू" म्हणून चार वर्षे वाट पाहिली त्यांनी चार वर्षे पूर्ण बिल भरले, म्हणजे त्यांनीही केली.

टीप : सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर पॅनेल चढवण्याआधी स्वतः चढून पाहू नये.

पायरी सहावी : उसनवारीचे शास्त्र

ही पायरी सावकाश वाचा. पैसे इथे आहेत.

नेट मीटर म्हणजे शेजारणीशी साखरेची उसनवारी. दुपारी तुमच्याकडे साखर जास्त झाली, वाटीभर तिला दिली. रात्री पाहुणे आले, वाटीभर तिच्याकडून आणली. महिन्याच्या शेवटी फरकाचे पैसे. दुसरी पद्धत ग्रॉस मीटरिंगची : तुमची सगळी साखर शेजारीण घाऊक भावाने विकत घेणार आणि तुमच्या चहाची साखर तुम्हाला किरकोळ भावाने देणार.

लहान उद्योगाचे सगळे गणित उसनवारीवर उभे आहे, आणि ती किती करू द्यायची यावर दिल्लीचे मत झपाट्याने बदलते. ३१ डिसेंबर २०२० च्या केंद्रीय नियमांनी नेट मीटर फक्त १० किलोवॉटपर्यंत ठेवले. ओरड झाली. २८ जून २०२१ ला तीच मर्यादा ५०० किलोवॉट किंवा मंजूर भार, यांत जे कमी असेल त्यावर नेली. सहा महिन्यांत ५० पट. सूर्यात काही बदल झाल्याची नोंद नाही.

आता घड्याळ. उद्योगांना दिवसाच्या वेळेनुसार दर लागतो. आयोगाच्या २०१९ च्या नियमांत एक साधे वाक्य आहे : ज्या वेळेत वीज तयार झाली ती आधी त्याच वेळेच्या वापरातून वजा करायची, आणि उरली तर ती स्वस्त वेळेत तयार झाली असे धरायचे. तेव्हा स्वस्त वेळ रात्रीची होती. म्हणजे दुपारची उरलेली साखर रात्रीच्या डब्यात पडत होती. रात्री चालणाऱ्या शीतगृहाला हे फार सोयीचे.

मग राज्यात दिवसाची सौरवीज वाढली आणि २०२५ च्या दरआदेशाने घड्याळ फिरवले. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हा काळ स्वस्त झाला, संध्याकाळी ५ ते रात्री १२ महाग. ज्या वाक्यात "स्वस्त वेळ" असे लिहिले होते ते जागचे हलले नाही, पण त्याचा अर्थ बारा तास सरकला. दुपारी दिलेली साखर आता दुपारच्याच डब्यात जमा. शेजारीण म्हणते, "वहिनी, तुमची साखर आहे की. उद्या दुपारी न्या." पण उद्या दुपारी आपल्याकडे साखरेचे पोते असते. अडचण रात्रीची आहे.

हा आदेश २८ मार्च २०२५ चा. आठवडाभरात त्याला स्थगिती मिळाली. २५ जूनला पुनर्विलोकनाचा आदेश आला आणि १ जुलैपासून नवे दर. उद्योजकांच्या संघटना आयोगापुढे आणि न्यायालयात गेल्या. तुम्ही जाऊ नका. तुम्हाला चक्की चालवायची आहे.

उदाहरण सोडवा. छपरावर दिवसाला २०० युनिट. मसाल्याच्या गिरणीचा दिवसा ९ ते ५ चा वापर २२० युनिट. सगळी वीज जागेवर संपली, उसनवारीचा प्रश्नच नाही. घड्याळ कोणीही कसेही फिरवा, गिरणीला त्याचे सुखदुःख नाही. आता शीतगृह घ्या : दिवसा १२०, रात्री २५०. दिवसाची ८० युनिटे उरली. महिन्याला २,४००. ती दुपारच्या डब्यात पडून राहतात, आर्थिक वर्षाच्या शेवटी महावितरण ती आयोगाने ठरवलेल्या दराने घेते, आणि तो दर तुमच्या बिलातल्या दरापेक्षा बराच उतरलेला असतो. संध्याकाळची वीज मात्र महाग दराने. तेच ऊन, तीच पॅनेल, तोच भाव, एकाच गावातल्या दोन शेड, आणि एकाचे पैसे लवकर सुटतात, दुसऱ्याचे रेंगाळतात.

पायरी सातवी : छप्पर पुरत नसेल तर रान

माणमध्ये पडीक रान आणि ऊन एकाच गट नंबरात मिळते. मग रानात सौरप्रकल्प उभा करून ती वीज तारांवरून कारखान्यात का आणू नये? जरूर आणावी. याला मुक्त प्रवेश म्हणतात. नावाला हसू नये.

वीज कायदा २००३ ने हा रस्ता खुला केला, फक्त टोलनाके ठेवले. पारेषण आकार, वहन आकार, तारांमधली गळती, क्रॉस सबसिडी अधिभार आणि अतिरिक्त अधिभार. पूर्वी १ मेगावॉटच्या खालच्याला या रस्त्यावर यायचीच बंदी होती. ६ जून २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी ही अट १०० किलोवॉटवर आणली आणि अर्ज १५ दिवसांत निकाली काढायला सांगितले. मानीव मंजुरी इथेही आहे. पायरी चौथी पुन्हा वाचा.

क्रॉस सबसिडीचे मर्म म्हसवडमध्ये जितके नीट कळते तितके मुंबईत कळणार नाही. शेती आणि गरीब घरांची वीज स्वस्त ठेवायची म्हणून उद्योगाला खर्चापेक्षा महाग वीज. उद्योग दुसरीकडून वीज घ्यायला निघाला तर जाताना भरपाई देऊन जा. गिरणीमालक या अन्यायावर तावातावाने बोलतो आणि संध्याकाळी मळ्यात जाऊन ५ अश्वशक्तीची मोटर सुरू करतो. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात मोफत वीज आहे. म्हणजे गिरणीत तो देणारा आणि विहिरीवर घेणारा. दोन्ही बिले एकाच खिळ्याला अडकवलेली असतात. दिल्लीतल्या तज्ज्ञांनी एकदा हा खिळा पाहून जावे.

टोल चुकवायचा कायदेशीर रस्ता आहे : कॅप्टिव्ह. प्रकल्पात वापरणाऱ्यांची किमान २६ टक्के मालकी हवी आणि तयार विजेपैकी किमान ५१ टक्के त्यांनी वापरायला हवी. मग क्रॉस सबसिडी अधिभार नाही. अतिरिक्त अधिभारही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०२१ रोजी जेएसडब्ल्यू स्टीलच्या प्रकरणात सांगितले. पाच-दहा जण मिळूनही हे करता येते. आपल्याकडे सामाईक विहीर असते तसेच : हिस्सा ठरलेला, पाळी ठरलेली. फरक इतकाच की विहिरीवर कोणी पाळी चुकवली तर भांडण होते, आणि इथे वर्षअखेर ५१ टक्क्यांचा हिशेब चुकला तर सगळ्यांनाच वर्षभराचा टोल मागच्या तारखेने लागतो. मोठ्या कंपन्यांकडे हा हिशेब ठेवायला स्वतंत्र माणसे असतात. सिद्धान्त आठवतो ना? कागद किलोवॉट मोजत नाही.

धोक्याची सूचना

वीज गेली की छपरावरचा सौरही बंद पडतो. हो, भर दुपारी, रणरणत्या उन्हातही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या पॅनेलचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. नियम शहाणपणाचा आहे. पण पहिल्यांदा हे घडते तेव्हा बघायला जमलेल्या भावकीला तो समजावून सांगता येत नाही. "आवं तात्या, वर एवढं ऊन आन् खाली अंधार?" या प्रश्नावर उत्तर देऊ नये. चहा सांगावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कागदावरच्या नियमाने एवढा फरक पडतो?
पाटणकडे वनकुसवड्याच्या पठारावर जाऊन या. प्राप्तिकरात पवनचक्कीवर भरघोस घसारा मिळतो म्हटल्यावर ज्यांनी कधी वारा खाल्ला नव्हता अशा लोकांनी तिथे चक्क्या उभ्या केल्या. वारा आधीही वाहत होता. सौरयंत्रणेवर आजही वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. तो उपयोगी पडायला आधी नफा व्हावा लागतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

हे आमच्यासारख्या लहान माणसाला जमेल का?
याचे उत्तर म्हसवडमध्येच आहे. चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी महिलांची बँक काढायचे ठरवले तेव्हा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या परत आल्या, अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला कुठल्याही मुद्दलाचे व्याज विचारा, तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय करू द्या, कोण आधी सांगतो पाहू. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. कागदाने अडवले तेव्हा त्यांनी कागदही शिकून घेतला, पण जिंकल्या त्या तोंडी हिशेबावर.

मग मी आधी काय शिकू?
आपले बिल. आणि आपले घड्याळ. आठवडाभर तासातासाला मीटरचा आकडा वहीत लिहा. पोराला सांगा, त्याला मोबाइल सोडून दुसरे काम मिळेल.

अंतिम परीक्षा

आता खिशातली चिठ्ठी काढा. "किती पॅनेल बसवू?" पाठीमागे उत्तर लिहायचे आहे, पण आकडा लिहू नका. वही उघडून ९ ते ५ मधला सर्वांत कमी वापर कोणत्या दिवशी होता ते पाहा, आणि ज्या कामाला वेळेचे बंधन नाही ते दुपारी सरकवता येते का ते पाहा. बर्फवाल्याने रात्री गोठवायचे ते दुपारी गोठवावे. शीतगृहवाल्याने दुपारी दोन अंश जास्त थंड करून ठेवावे म्हणजे संध्याकाळी यंत्र कमी धावेल. मग जो आकडा उरेल तेवढीच पॅनेल.

यात एक गंमत आहे, ती परीक्षेत येत नाही. माणदेशात कळता माणूस दुपारी बारा ते चार काम करत नाही. मेंढरे सावलीला, बैल सावलीला, माणूस लिंबाखाली. आता नियमानेच दुपार स्वस्त केली आहे, तेव्हा वैशाखातल्या त्या चार तासांत गावातली प्रत्येक चक्की घरघरणार आणि हमाल तापल्या पत्र्याखाली पोती उचलणार. त्यांच्यासाठी एक पंखा जास्त लावा. तो बिलात धरला तरी चालेल. ९ ते ५ मध्येच चालणार आहे.

उत्तीर्ण झाल्याची खूण : उद्या गावातला एखादा नवा माणूस तुमच्या गिरणीत येईल, वर पॅनेलकडे बोट करील आणि विचारील, "आण्णा, मी किती बसवू?" त्याला खुर्ची द्या, आणि आधी विचारा, "तुझी चक्की कधी चालते?"